गाणं थांबतं त्या वर्षांची गोष्ट

कुमारवयीन वाचकांसाठी गाणाऱ्या मुलीची कादंबरी लिहिताना लेखकाच्या मनात शेवट आधी तयार असतो, असं मला नेहमी वाटतं. मोठा रंगमंच असतो, परीक्षकांना गहिवरून आलेलं असतं आणि गावाहून आलेली आई मागच्या रांगेत पदराने डोळे टिपत असते. तिथवर पोचायचं तर मध्ये काहीतरी आडवं यायला हवं. मग एक कडक बाप येतो, मत्सर करणारी मैत्रीण येते, नाहीतर अंतिम फेरीच्या आदल्या रात्री बसलेला घसा येतो. गोव्यातल्या सांगे तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी मराठी शिकवते. वाचनालयाचा तासही माझ्याकडेच असतो, त्यामुळे ही पुस्तकं माझ्या हातून मुलींकडे जातात आणि परत येतात. मुली ती आवडीने वाचतात. त्या आवडीला मी कधी नाक मुरडलेलं नाही. गावातल्या मुलीच्या गाण्याला कुणीतरी एवढी पानं दिली, हेच मला मोलाचं वाटतं.

पण गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीने असं एक पुस्तक परत करताना मला हळूच विचारलं, की या मुलीला पाळी कशी येत नाही?

मी पुस्तक पुन्हा चाळलं. नायिका पहिल्या पानावर बारा वर्षांची, शेवटच्या पानावर सोळा. देवळात गाते, सणावारी गाते, चार वर्षं अखंड गाते. विचारणारी मुलगी सातवीपर्यंत गावच्या बाल भजनी मंडळात मुख्य आवाज होती. आता ती गात नाही. तिचा प्रश्न पुस्तकाबद्दल होता आणि स्वतःबद्दलही होता. त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

गोव्यातल्या हिंदू घरातली मुलगी चारचौघांत पहिल्यांदा गाते ती बहुधा देवळाच्या सभामंडपात. क्लास नंतर येतो, मायक्रोफोन नंतर येतो. श्रावणातलं भजन, एकादशी, सप्ताह, चतुर्थीला घुमट-शामेळ या वाद्यांच्या साथीने घरोघरी होणाऱ्या आरत्या, जत्रेचं नाटक, यांतून कानावर पडून पडून गाणं अंगात येतं. वास्कोचा दामोदर सप्ताह १८९९ पासून चालू आहे. चोवीस तास भजन तुटू द्यायचं नाही, असा त्याचा नेम. आमच्या बाजूच्या लहान गावांतही त्याच चालीचे छोटे सप्ताह होतात. घरी कोकणी बोलणारी ही मुलं तुकोबांचे अभंग मराठीत तोंडपाठ म्हणतात. पाचवीपासून शाळा इंग्रजी होते, तरी अभंगाची वही देवनागरीतच राहते. कला अकादमीच्या भजन स्पर्धांमुळे महिलांची आणि मुलांची मंडळं गावोगाव उभी राहिली. ही आमच्या राज्याची मोठी मिळकत आहे, असं मी मनापासून मानते.

आणि मग मुलगी बारा-तेरा वर्षांची होते. महिन्यातले चार दिवस तिने सभामंडपात यायचं नाही. आठ-नऊ जणींच्या मंडळात ज्या मुलीवर अभंगाची उचल अवलंबून, तीच नेमकी एकादशीला नसते. स्पर्धेची तारीख जाहीर झाली की बायका आधी कॅलेंडर बघतात. कुणाची तरी मावशी फार्मसीतून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणते आणि तेरा वर्षांची पोर त्या कुणाला काही न विचारता घेते. दोन-तीनदा असं झालं की मंडळाच्या ताई सोय म्हणून दुसऱ्या मुलीला पुढे बसवतात. कुणी कुणाला काढून टाकत नाही, कुणी रागावतही नाही. तिची जागा पुढच्या रांगेतून मागच्या रांगेत जाते, आणि दहावीचं वर्ष आलं की मागच्या रांगेतूनही जाते.

त्याच वर्गात तिच्या शेजारी बसणारी ख्रिस्ती मैत्रीण दर रविवारी चर्चच्या कॉयरमध्ये गाते. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मेस्त, म्हणजे संगीताचे मास्तर, मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत आले, त्याची ही मागे उरलेली पुण्याई. त्या मैत्रिणीला गाण्यासाठी तारखा मोजाव्या लागत नाहीत. तेरा वर्षांच्या मुलीच्या हे लक्षात येणार नाही, असं कोणत्या लेखकाला वाटत असेल? दोघी एकाच बसने घरी जातात. एकीच्या दप्तरात स्टाफ नोटेशनचा कागद असतो, दुसरीच्या दप्तरात अभंगाची वही. कादंबरीचं एक सबंध प्रकरण त्या बसमध्ये होऊ शकतं, आणि मला ते वाचायचं आहे.

याच वयात आवाजही बदलतो. मुलग्यांचा आवाज फुटतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांचे स्वरतंतू झपाट्याने लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एका सप्तकाने खाली येतो. संगीत नाटकांच्या काळात स्त्रीभूमिका करणाऱ्या गोड गळ्याच्या पोरांची कंपनीला काळजी असे ती यामुळेच. मुलींच्या बाबतीत मात्र असं काही होतं हेच कुणी सांगत नाही. त्यांचाही आवाज दोन-तीन स्वरांनी उतरतो. स्वरतंतू मिटताना मागच्या बाजूला थोडी फट राहते, तिच्यातून हवा निसटते, आणि काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षंही, आवाज घोगरा आणि पोकळ लागतो. श्वास लवकर संपतो. काल सहज लागणारा तार षड्ज आज फाटतो. घरचे म्हणतात, थंड प्यायलीस. आई ज्येष्ठमध आणि खडीसाखर देते. पेटीवाले काका म्हणतात, रियाज कमी पडतोय. मुलगी जोर लावते आणि आवाज आणखी ओरखडतो. हे नैसर्गिक आहे, थोडी कळ काढ, एक पट्टी खाली गा, एवढं सांगणारं माणूस तिच्या गावात असेलच असं नाही. पुस्तकात तरी असावं की नाही? पेटीच्या काळी पाच पट्टीत गाणाऱ्या मुलीने काळी चारला उतरणं यात कसलीच हार नाही. पण मंडळाची पट्टी ठरलेली असते आणि चढ्या आवाजाला टाळ्या मिळतात, म्हणून ती उतरत नाही. शेवटी ती गप्प होते.

या गप्प वर्षांकडे आपली गोष्ट सांगायची रीतच पाठ फिरवते. गोव्याच्या थोर गायिकांच्या कथा आम्ही मुलांना कशा सांगतो ते बघा. वक्तृत्व स्पर्धेत केसरबाई केरकर हा विषय आला, की फोंड्याजवळच्या केरीची मुलगी आणि १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलेली तिची भैरवी, या दोन टोकांमध्ये भाषण संपतं. अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट आहे. पण १८९२ साली जन्मलेल्या केसरबाईंना लहानपणी कोल्हापूरला अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकायला मिळालं ते जेमतेम काही महिने. मग परत गोवा. गायक वझेबुवा इकडे आले की त्यांच्याकडून मिळेल तेवढं. मग मुंबई, तिथेही वेगवेगळ्या गुरूंकडची तुटक तालीम. जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांची शिष्या म्हणून त्या बसल्या १९२१ साली, तेव्हा त्या तिशीला टेकल्या होत्या. म्हणजे ज्या वयात आमच्या कादंबरीतली नायिका करंडक उचलते, त्या वयात केसरबाईंच्या हातात अर्धवट सुटलेल्या तालमी होत्या. त्या वर्षांत ती मुलगी सकाळी उठून काय गात असेल, कुणासाठी गात असेल? मोठ्यांसाठीच्या चरित्रांत निदान सनावळी तरी सापडते. मुलांसाठी लिहिताना आपण तीही गाळतो.

मोगूबाई कुर्डीकरांचं तर गावच आमच्या तालुक्यातलं. १९०४ साली कुर्डीला जन्म. मुलीने गावं ही आईची, जयश्रीबाईंची, जिद्द. तिने लेकीला फिरत्या नाटक कंपनीत नेलं आणि १९१४ साली आई वारली. मोगू दहा वर्षांची होती. पुढची वर्षं नाटक कंपन्यांतली, परक्या गावांतली. सांगलीत ती गात असताना अल्लादिया खाँसाहेबांनी जाता-येता ते ऐकलं आणि स्वतः होऊन शिकवायला आले, असं सांगतात. मग ते मुंबईला गेले, ती मागोमाग गेली, तालीम तुटली. दुसऱ्या उस्तादांकडे शिकत, वळसे घेत ती पुन्हा त्यांच्यापाशी पोचली. आईविना वाढलेल्या, कंपनीत राहणाऱ्या त्या बारा-चौदा वर्षांच्या मुलीला आवाज बदलताना कुणी जवळ घेतलं असेल का, हा प्रश्न मला कुर्डीत उभी असताना हमखास पडतो.

कुर्डी साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे. मे महिन्यात पाणी ओसरलं की घरांचे चौथरे, वाटा, झाडांचे बुंधे वर येतात. वाडे आणि वालकिणी या गावांत पुनर्वसन झालेली माणसं तेव्हा आपल्या देवाला, आपल्या कपेलला, म्हणजे छोट्या चर्चला, यायला निघतात. आमच्या शाळेतल्या काही मुलांचे आजी-आजोबा त्यांतलेच. गाणाऱ्या मुलीच्या कादंबरीला याहून चांगली जागा मला सुचत नाही. कुर्डीच्या विस्थापितांची नात, चौदा वर्षांची, आजीचा हात धरून त्या चिखलातून चालते आणि आजी तिला मोगूबाईंच्या घराची जागा दाखवते. फक्त पाण्यातून वर येणाऱ्या गावाचं रूपक करून त्याला मुलीच्या हरवलेल्या आवाजाशी जोडायचा मोह लेखकाने आवरावा. तिथे माणसांची शेतं गेली आहेत, कुळागरं, म्हणजे सुपारीच्या बागा, गेल्या आहेत. आजीला तिथे तिचं न्हाणीघर आठवत असतं. नातीने ते ऐकावं.

आजीपाशी आणखी एक गोष्ट असते, आणि तिच्याशिवाय गोव्यातल्या गाणाऱ्या मुलीचं मोठं होणं लिहिता येणार नाही. केसरबाई, मोगूबाई ज्या कलावंत घराण्यांतून आल्या, तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या सेवेत गायल्या-नाचल्या, आणि त्याच देवळांच्या गावांनी त्यांना मानाने वागवलं नाही. विसाव्या शतकात या घराण्यांच्या गोमंतक मराठा समाजाने स्वतःची सुधारणा स्वतः केली, मुलींना शिकवलं, संसाराला लावलं. ते करताना अनेक घरांनी तंबोरा मुद्दाम बाजूला ठेवला, कारण आपल्या लेकीकडे कुणी त्या जुन्या नजरेने बघू नये. एवढी मोठी किंमत देऊन मिळवलेली प्रतिष्ठा होती ती. आज सर्व जातींच्या मुली गातात, क्लासला जातात, पण ती नजर पुरती गेलेली नाही. चांगल्या घरातली आजीसुद्धा सांगते, ‘गाणें शिक, पूण नाटक नाका.’ गाणं शिक, पण नाटक नको. जत्रेचं नाटक पहाटेपर्यंत चालतं, तालमी रात्रीच्या असतात, पेटी-तबल्यावर पुरुष असतात. बारा वर्षांची गायली तर कौतुक आणि सोळा वर्षांची गायली तर ती कुणाबरोबर परतली याची चौकशी. कादंबरीत कडक बाप घालून लेखक हे एका माणसावर ढकलतो. खरं म्हणजे गावात असा एक माणूस नसतोच. सगळे प्रेमळच असतात, सगळ्यांना तिचं भलंच हवं असतं.

धालो मात्र या सगळ्यापासून वेगळे. पौषातल्या रात्री जेवणं आटोपली की बायका मांडावर, म्हणजे धालोच्या ठरलेल्या जागी, जमतात, समोरासमोर दोन रांगा करतात, कमरेला हात घालून पुढे-मागे झुलत गातात. एका रांगेने ओळ म्हणायची, दुसरीने ती घ्यायची. श्रोता असा कुणी नाहीच. सगळ्याच गाणाऱ्या, आणि आवाज कसा का असेना, तुझ्या आवाजाला रांगेत जागा असते. काकीचा फाटका आवाज, आजीचा थरथरता, नुकत्याच न्हाण आलेल्या पोरीचा पोकळ. तिथे पट्टीसुद्धा रांगेतली सर्वांत म्हातारी बाई जिथे सुरू करील ती. ज्या मुलीला भजनी मंडळात मागे बसवलं, ती धालोच्या मांडावर त्याच घोगऱ्या गळ्याने रात्रभर गाऊ शकते. आपल्या कुमार साहित्यात लोकगीतं येतात ती बहुधा सांस्कृतिक माहिती म्हणून, परिच्छेदभर. एका मुलीचा आवाज जगवणारी जागा म्हणून धालोचा मांड मी अजून वाचलेला नाही.

लिहिण्याच्या बाजूनेही एक सांगावंसं वाटतं. गाणं कागदावर उतरवताना आपले लेखक गोडव्याच्या विशेषणांत अडकतात. मधुर, सुरेल, काळजाला भिडणारा. वाचणाऱ्या मुलीला यातून काहीच ऐकू येत नाही. तिला पोटात धरलेला श्वास कुठे सुटला ते सांगा. पेटीचा भाता आणि तिचा दम यांचा मेळ कुठे चुकला ते सांगा. समेवर यायला एक मात्रा उशीर झाल्यावर तबलजीने मान वर करून कसं बघितलं ते सांगा. गाणाऱ्या मुलींना हे शरीरातून ठाऊक असतं; वाचताना खरं-खोटं त्यांना पहिल्या पानावर कळतं. किशोरी आमोणकरांचा आवाज ऐन तारुण्यात गेला होता आणि बऱ्याच काळानंतर परत आला. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मुलींनी विचारलं ते एवढंच, की मधल्या दिवसांत त्या काय करत होत्या? पुरस्कार किती मिळाले हे एकीनेही विचारलं नाही.

तर त्या नववीतल्या मुलीला मी म्हटलं, बाय, तू लिही. आमच्या शाळेचं हस्तलिखित दर वर्षी निघतं, त्यात चार पानं तुझी. आधी ‘म्हाका जायना, टीचर’, मला जमायचं नाही, असं झालं, मग सुट्टीनंतर तिने वही आणून दिली. गोष्टीतली मुलगी सप्ताहाच्या दिवशी देवळाबाहेर, वाटेपलीकडच्या कठड्यावर बसली आहे. आत तिचं मंडळ गातंय. आजवर ती कायम आत, मधोमध बसलेली, त्यामुळे आपलं मंडळ बाहेरून कसं ऐकू येतं हे तिला माहीतच नाही. त्या दिवशी तिला कळतं की पट्टी सगळ्यांनाच चढी होतेय. पुढे बसवलेली नवी मुलगी तारात ओढतेय, मागच्या दोघी ओठ नुसते हलवतायत आणि ताईंचा आवाज तिसऱ्या अभंगाला बसलाय. चार दिवसांनी ती तालमीला जाते आणि पेटीवाल्या काकांना सांगते, की एक पट्टी खाली घेऊया. काका म्हणतात, गुरुवारी बघू. तिथे गोष्ट थांबते.

मी वाचून बराच वेळ वही मिटली नाही. मग शिक्षिकेसारखं विचारलंच, की ती आत का गेली नाही? सरळ सभामंडपात जाऊन बसली असती तर? मला तसं वाटत होतं आणि अजूनही वाटतं. नियम मोडणारी नायिका या मुलींना मिळायला हवी, ती कुणीतरी लिहायला हवी. ती मुलगी म्हणाली, ‘मग बोल आईला लागतील.’ तिने त्यावर विचार केलेला होता. गोष्टीतली आई त्याच मंडळात झांज वाजवते, हे तिने दुसऱ्याच पानावर लिहून ठेवलं होतं आणि माझ्या नजरेतून ते निसटलं नव्हतं, पण त्याचं वजन मला तेव्हा उमगलं. शहरातून लिहिणारा लेखक असता तर त्याने मुलीला पायऱ्या चढवल्या असत्या, वर टाळ्याही दिल्या असत्या. या मुलीला त्या पायऱ्यांच्या दुसऱ्या दिवशी घरात काय होतं ते ठाऊक आहे.

स्पर्धेचं काय, असंही मी विचारलं. स्पर्धा अजून लिहिली नाही, म्हणाली. दिवाळीच्या सुट्टीत दुसरा भाग लिहायचा आहे. त्यात मुलगी पेटी शिकायला लागते, कारण पट्टी ठरवणारा माणूस पेटीवर बसलेला असतो. त्यासाठी तिला मंडळातल्या कुणाकडून तरी दोन-तीन गोष्टी विचारून हव्या आहेत: पेटीचे सूर कुठे लावून मिळतात, जुनी पेटी केवढ्याला पडते, आणि बाई पेटीवर बसली तर स्पर्धेच्या नियमात काही अडतं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी तिला तिथल्या तिथे दिलं, की काही अडत नाही. बाकीचं मी येत्या गुरुवारी तालमीला जाऊन विचारून येणार आहे.